रुटाबागाचे गुडघे

रौतिओंच्या कुत्र्याचा पहिला गुडघा गेला तो एका टर्कीपायी.

टर्की पळत वगैरे नव्हती. ऑक्टोबरातली थंड सकाळ, मागच्या अंगणात पाचसहा रानटर्क्या दाणे टिपत होत्या, आणि रुटाबागा स्वयंपाकघराच्या दारातून जो सुटला तो पायऱ्यांना शिवलाच नाही, थेट हवेतून गेला. बाकीच्या टर्क्या उडाल्या. एक थोराड टर्की तेवढी जागची हलली नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे असं काही पाहिलं की ऐन धावेत रुटाबागाला दुसरा विचार सुचला. पुढचे पाय थांबले, मागचे थांबले नाहीत, आणि मधल्यामध्ये काहीतरी तुटलं. किंकाळी ऐकून नॅडीन बाहेर धावली, तर नव्वद पौंडांचं तिचं लेकरू तीन पायांवर उभं, चौथा पाय मोडक्या छत्रीसारखा लटकतोय, आणि टर्की आपली दाणे टिपतेय.

रुटाबागा हा लॅब्रॅडॉर आणि आणखी कशाचातरी गोळा होता. पिल्लू असताना त्याचं डोकं पिवळट आणि गोल, पॅस्टीत, म्हणजे मांसाच्या भाजक्या करंजीत, घालतात त्या रुटाबागा नावाच्या कंदासारखं दिसायचं, म्हणून हे नाव. पुढे अंग वाढलं, पण डोकं कंदासारखंच राहिलं, आतूनसुद्धा, असं डेलचं मत होतं. डेल म्हणजे नॅडीनचा नवरा. तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा. नॅडीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मुलं दूर नोकरीला गेलेली. खालच्या मजल्यावरच्या खोलीत डेलची आई इल्मा राहायची, वय त्र्याऐंशी, जीभ तेवीस.

"कुत्र्याने गोठ्यात राहावं," इल्माचं म्हणणं. "आमच्या शेतावर एक कुत्रा नव्हता ज्याला घराचं आतलं दार कसलं असतं ते ठाऊक होतं. आणि एकाचाही गुडघा गेला नाही."

"त्यांचे गुडघे कोणी बघितले होते, आई?" नॅडीन विचारायची.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टर ट्रेवारोबाईंनी उमेदवारी गाईंवर केली होती. त्यामुळे हात दणकट आणि बोलणं तोडून. त्यांनी रुटाबागाचा पाय पुढेमागे हलवून पाहिला. "लिगामेंट गेलं. ऑपरेशन लागेल. हाड कापायचं, फिरवायचं, वर धातूची पट्टी आणि स्क्रू. मग आठ आठवडे उडी नाही, पळणं नाही, जिना नाही."

"हे त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही."

"तो माझं ऐकतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मग दोरी," डॉक्टर म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आणि हो. एक गेला की निम्म्या कुत्र्यांचा दुसराही जातो. नंतर म्हणू नका की बोलल्या नव्हत्या."

गाडीत डेल म्हणाला, "निम्म्यांचा जातो याचा अर्थ निम्म्यांचा जात नाही." जन्मभर एकाच रस्त्यावरचा बर्फ उपसणारा माणूस आशावादी नसेल तर त्याला वेड लागतं. डेल कमालीचा आशावादी होता.

ऑपरेशन तीन तासांवरच्या शहरात झालं. रुटाबागा घरी आला तो अर्ध्या अंगाचे केस उडवलेला, गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं तुम्ही लोकांनी मुद्दाम केलंत. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. त्याला जिना बंद. खाली एकट्याला ठेवलं तर तो भोंग्यातून असा सूर लावायचा की शेजारच्या गल्लीतली कुत्री साथ धरायची. शेवटी नॅडीनने गादी ओढत खाली आणली आणि दिवाणखान्यात त्याच्याशेजारी टाकली. सकाळी इल्मा कॉफी करायला निघाली, तर वाटेत सून आणि कुत्रा, दोघंही तोंड उघडं टाकून घोरत पडलेले.

"माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा," कॉफी ओतता ओतता इल्मा म्हणाली, "डेल दुपारी तीनपर्यंत इस्पितळात थांबला होता. मग म्हणाला, निघतो आई, ट्रॅफिक लागेल. हॅनकॉकमध्ये! एवढ्याशा गावात ट्रॅफिक!"

"दहा वर्षं झाली त्याला, आई."

"मी कुठे तक्रार करतेय? मी नुसतं सांगतेय. माझ्यासाठी कोणी गादी खाली आणली नव्हती."

नॅडीनने गादीची घडी घातली.

दिवसातून चारपाच वेळा घरातून वरात निघायची. कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल, टॉवेलची दोन टोकं डेलच्या मुठीत, पुढे नॅडीन पट्टा धरून, मधे रुटाबागा राजेशाही थाटात तीन पावलं टाकून थांबणार, बर्फ हुंगणार, जागा पसंत नाही म्हणून पुढे चालणार. वाकून वाकून डेलची कंबर धरली. "याचा पाय बरा होईल तेव्हा माझी पाठ गेलेली असेल," तो कुरकुरला. खिडकीच्या पडद्याआडून इल्मा सगळं बघायची. "तिथे नको म्हणतोय तो," ती काचेवर टकटक करून ओरडायची. "झाडाजवळ न्या, झाडाजवळ!" आणि दर वेळी तिचंच बरोबर निघायचं, ही त्यातली वाईट गोष्ट.

ख्रिसमसच्या जरा आधी डॉक्टर ट्रेवारोंनी एक्स-रे खिडकीला लावून दाखवला. हाड मस्त जुळलेलं. "शाबास," त्या म्हणाल्या, तेही कुत्र्याला. नॅडीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळे बाहेर आले. डेल कामावरून थेट आला होता आणि दवाखान्याच्या आवारात ट्रकला टेकून उभा होता. त्याला पाहताच रुटाबागाच्या अंगात महिनोन्महिने कोंडलेलं प्रेम एकदम उसळलं. नॅडीनच्या हातातला पट्टा सुटला. तो धावला, बर्फावरून घसरला, तरी धावला, आणि डेलच्या छातीवर उडी घ्यायला म्हणून त्याने मागचा चांगला पाय रोवला.

खट् आवाज डेललाही ऐकू आला.

डॉक्टर दारात आल्या तेव्हा तिघंही पुतळ्यासारखे उभे होते. त्यांनी एकवार बघितलं. "दुसरा?"

"दुसरा," नॅडीन म्हणाली.

"आत आणा."

डेल त्या दिवशी निम्म्यांविषयी काही बोलला नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला. दोन्ही गुडघ्यांत धातू, त्यावर हा डोंगर. वाढलेलं वजन गुडघ्यांवरच बसणार. दहा पौंड तरी उतरले पाहिजेत. नॅडीनने कंबर कसली. कोरड्या खाद्याचे मोजून दाणे, वर उकडलेली फरसबी. आणि रुटाबागाच्या देखत कोणी काही खायचं नाही, कारण तो पाणीदार डोळे लावून, भोंगा मांडीवर टेकवून असा बसायचा की घास घशाखाली उतरत नसे. नॅडीनला हे जमलं. इल्मा आपल्या खोलीत दार लावून जेवायला लागली. अडचण डेलची. त्याला खाताना आवाज करायची सवय. त्याची रवानगी गॅरेजमध्ये झाली. बाहेर कडाक्याची थंडी, आत हीटर बिघडलेला, आणि डेल टोपी हातमोजे घालून गवत कापायच्या यंत्रावर बसून खिम्याचा मीटलोफ खातोय.

"माणूस कामावरून घरी येतो," तो दाराच्या फटीतून म्हणाला, "आणि त्याला गवताच्या यंत्रावर जेवायला बसवतात. का? तर कुत्र्याला वाईट वाटू नये!"

"दार लाव, वास येतोय त्याला."

पुढच्या महिन्यात वजनाला नेलं तर काटा वर गेलेला! डॉक्टर ट्रेवारोंनी काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा कुत्रा चढवला. तेच. त्यांनी भुवई उंचावून नॅडीनकडे पाहिलं. नॅडीनने वळून डेलकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?"

"गॅरेजमधून दार किलकिलं करून काय देत असतोस त्याला?"

"मी? मी देतोय? मलाच पुरत नाही!" डेलने जॅकेट वर केलं आणि पँटचा कमरपट्टा ओढून दाखवला. आत आणखी एक डेल सहज मावला असता. "हे बघ! बघा डॉक्टर! हा फुगतोय आणि मी वाळतोय!" मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने मान दुसरीकडे फिरवली.

पण नॅडीनचा संशय फिटला नाही. घरी इल्माने सगळं ऐकून घेतलं आणि विणकामातून डोकं वर न काढता म्हणाली, "लहानपणापासून डेलचा हात सैल. मांजरांना मासे वाटायचा." डेल आईकडे बघतच राहिला.

पुन्हा वजनाची वेळ आली. काटा आणखी वर. या खेपेला डॉक्टर कुत्र्याचे दात बघायला खाली वाकल्या, त्याचा जबडा उघडला, आणि तशाच थबकल्या. त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"वेलदोडा?" त्या म्हणाल्या.

नॅडीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेलदोडा घालून निसु पाव करणारं घरात एकच माणूस होतं.

ती घरी पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. शाळेतून सुट्टी काढली आहे हे ती इल्माला सांगायला विसरली होती. स्वयंपाकघरात शिरल्यावर दिसलं ते असं: टेबलावर दोन बशा. एकीत इल्माचा कॉफीचा कप, दुसरीत कॉफीत भिजवलेले निसुचे तुकडे, वर लोण्याचा बोट बोट थर. दवाखान्यातून बरोबरच आलेला डेल रुटाबागाला मागच्या दाराने आत सोडून गाडी लावायला गेला होता, आणि तो प्राणी नेहमीच्या ठिकाणी बसावा तसा टेबलाशेजारी जाऊन बसलाही होता. इल्माचा हात बशीकडे निघालेला. तिने सुनेला पाहिलं. हात मागे घेतला नाही.

"आई!"

"काय?"

"दोन महिने मी त्याला फरसबी घालतेय! डेल तिकडे गॅरेजमध्ये गारठतोय! आणि तुम्ही लोणी?"

"थोडंच होतं."

"तुमच्या मुलावर आळ आला तरी तुम्ही गप्प बसलात!"

"त्याला सवय आहे," इल्मा म्हणाली. मग तिने बशी टेबलाच्या मध्यावर सरकवली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अकरा वाजता कॉफी एकट्याने प्यायची म्हणजे काय ते तुला माहीत नाही, पोरी. तुम्ही दोघं कामावर असता. आम्ही दोघं घरी असतो. दोघांनाही कुठे जाता येत नाही."

"तुम्हाला का जाता येत नाही? चर्चच्या तळघरात कॉफीला जायचात ना दर बुधवारी. तिथल्या त्या ऐलीशी भांडलात म्हणून..."

"कोण भांडलं? ऐलीशी कोण भांडेल, तिला ऐकूच येत नाही." इल्माने झग्याची कड जरा वर घेतली. डावा गुडघा सुजून नुसता पावाच्या लादीसारखा झाला होता. "तळघराला अठरा पायऱ्या आहेत. उतरता येतात. चढता येत नाहीत."

नॅडीन खुर्चीत बसली. हिवाळाभर ही बाई पडद्याआड उभी राहून टोमणे मारतेय, असं तिला वाटत होतं. ती उभी असायची कारण बसलं की उठता येत नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवू या."

"ते कापा म्हणणार. उजवा कापला तेवढा पुरे. मी आता किती दिवसांची?"

"हे तुम्ही मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणताय."

त्यावर इल्मा चक्क हसली. पण गुडघ्याबद्दल पुढे एक शब्द ऐकून घेईना. तह झाला तो फक्त कॉफीपुरता. दोघांनी अकराला बसायचं, मात्र रुटाबागाच्या बशीत गाजर. "कॉफीबरोबर गाजर," इल्मा कुत्र्याला म्हणाली. "बघ बाबा, काय दिवस आले आपल्यावर." डेल परत टेबलावर जेवायला आला. त्याने आईला माफ केलं, पण निसुची लादी तेवढी एकट्याने संपवली, सगळ्यांच्या देखत.

मार्चमध्ये दुसऱ्या गुडघ्यातून पू यायला लागला. डॉक्टर ट्रेवारोंनी औषधं बदलून पाहिली, मग म्हणाल्या, "पट्टीलाच जंतू धरलेत. हाड जुळलंय. पट्टी काढून टाकायची. पुन्हा शहरात."

त्या संध्याकाळी डेल जेवला नाही. "किती वेळा कापायचं त्याला?" तो म्हणाला. रुटाबागा त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडला होता. "तो विश्वासाने गाडीत चढतो, आणि आपण त्याला तिकडे नेऊन सोडतो. दर वेळी शेपूट हलवत चढतो, नॅडीन." आशावादी माणूस खचला की घरातला दिवाच जातो.

"मग काय, कुजू द्यायचा?" इल्मा म्हणाली. "न्यायचं. मी पण येते."

"तू कशाला?" डेलने विचारलं.

"माझ्याबरोबर कॉफी पितो तो. त्याच्या बाजूचं कोणीतरी नको का तिथे?"

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेपासून असा बर्फ कोसळायला लागला की समोरचं टपालाचं खोकं दिसेना. शाळा बंद. रेडिओवर सांगत होते, अगदीच अडलं असेल तरच बाहेर पडा. शहरातली पुढची वेळ दोन आठवड्यांनी, आणि पाय तेवढा थांबणार नव्हता. नॅडीनने डेलला फोन लावला. तो ट्रकवर होता.

"निघ," डेल म्हणाला. "मोठ्या रस्त्याला लाग आणि माझ्या मागे राहा. फार जवळ येऊ नको, रस्त्यावर टाकतो ते मीठ उडतं."

असं ते निघाले. पुढे डेलचा नारिंगी ट्रक बर्फाची भिंत बाजूला फेकत, त्याच्या दिव्यांमागे नॅडीनची छोटी गाडी, पुढच्या सीटवर इल्मा मांडीवर पर्स धरून ताठ, मागे घोंगडीवर रुटाबागा, शेपूट हलवत. काउंटीची हद्द आली. त्यापुढे डेलला जायची परवानगी नव्हती. पण हद्दीच्या पाटीपाशी पलीकडच्या काउंटीचा ट्रक पिवळा दिवा फिरवत उभा होता. त्यातून गॉर्डी सालमेला उतरला. गॉर्डी आणि डेल कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तळ्याच्या बर्फावर मासेमारीची झोपडी कोणी कुठे लावायची, यावरून बिनसलेलं. आज सकाळी डेलने आधी त्याला वायरलेसवर गाठलं होतं.

गॉर्डीने नॅडीनच्या खिडकीवर टकटक केलं. "कुत्रा कुठाय?" मागे वाकून बघितलं. "हां. आणि ही म्हातारी? म्हातारीचं काही बोलला नव्हता डेल."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?" इल्मा कडाडली. "तुझी आई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. आणि तिला सांग, माझं भांडं परत कर."

"चला," गॉर्डी घाईने ट्रककडे पळाला.

त्याच्या हद्दीनंतर आणखी एक ट्रक. तो चालवणारी बाई उतरलीसुद्धा नाही, नुसता हात बाहेर काढून मागे या अशी खूण केली. अशा तीन काउंट्यांनी मिळून एका कुत्र्याचा गुडघा शहरात पोहोचवला. दवाखान्याच्या दारात नॅडीनने चाकावरचे हात सोडवले तेव्हा बोटं सरळ होईनात. इल्मा म्हणाली, "बऱ्यापैकी चालवलीस." लग्नापासून सासूने तिच्या कशालाही बऱ्यापैकी म्हटल्याचं नॅडीनला आठवेना.

इस्पितळातल्या खुर्च्या खोल आणि मऊ होत्या. दोघी बसून राहिल्या. इल्माने विणायला काढलं, पण एकाच ओळीवर अडकली. बऱ्याच वेळाने सर्जन बाई बाहेर आल्या, एस्पिनोझा त्यांचं नाव, वयाने जेमतेम तिशीच्या. इल्मा बातमी ऐकायला घाईने उठायला गेली, आणि डावा गुडघा दगा देऊन गेला. डॉक्टरांनी तिला वरच्यावर धरलं.

"कधीपासून आहे हा गुडघा असा?"

"तू कुत्र्याचं बोल."

"कुत्र्याचं झकास झालं. पट्टी निघाली, हाड पक्कं आहे. आता हा गुडघा?"

"मी कुत्रा नाही."

"नाही ना, आजी. तुम्ही कुत्रा असतात तर एव्हाना बऱ्या झाल्या असतात."

इल्माशी असं बोलून कोणी धडपणे परत गेलेलं तिला माहीत नव्हतं. इल्माने त्या मुलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हिच्या आईला हिने फार छळलं असेल," ती नॅडीनला म्हणाली, आणि परत बसली. पण आता तिचा चेहरा उतरला होता.

रुटाबागा शुद्धीवर येईपर्यंत बाहेरचं वादळ ओसरलं. परतीच्या वाटेवर तो मागे गुंगीत घोरत होता.

"ते ट्रॅफिकचं," इल्मा एकदम म्हणाली.

"कोणतं?"

"डेलचं. उजव्या गुडघ्याच्या वेळचं. तो बोललाच नव्हता तसं. मीच म्हणाले, जा बाबा, ट्रॅफिक लागेल. मी घाबरले होते, आणि त्याने ते बघायला नको होतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्या वेळी वाटलं, आपण इथून काही उठत नाही. नंतर व्यायाम करताना तर वाटलं, नाही उठलो तर बरं. पुन्हा त्यातून जायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

नॅडीनने गाडीचा वेग कमी केला. गेली दहा वर्षं नवऱ्याने ते खोटं बोलणं मुकाट ऐकून घेतलं होतं. "मग आता?"

"आता काय," इल्मा म्हणाली. "हा तीनदा जातो आणि तीनदा शेपूट हलवत येतो. माझी लाज काढली याने."

मे महिन्यात इल्माचा डावा गुडघा बदलला. डेल इस्पितळात राहिला. परिचारिकांनी जा म्हटलं तरी हलला नाही, खुर्चीत वाकडातिकडा झोपला, आणि सकाळी इल्माने त्याला घोरण्यावरून झापलं. मग घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट यायला लागला. क्लिफर्ड त्याचं नाव, धिप्पाड आणि भलताच मवाळ. इल्माने पहिल्याच दिवशी त्याला रडकुंडीला आणलं.

"पाय आणखी जरा वाकवा, मिसेस रौतिओ."

"तू वाकव तुझा."

त्याच वेळी शेजारच्या सतरंजीवर नॅडीन रुटाबागाकडून त्याचे व्यायाम करून घेत होती. बस, ऊठ, बस, ऊठ, दर वेळी चीजचा इवलासा तुकडा. क्लिफर्डने ते पाहिलं. इल्माने क्लिफर्डला पाहताना पाहिलं.

"खबरदार," ती म्हणाली. मग मान वळवून, "कुठलं चीज आहे ते?"

ते घरचं भाजलेलं, दाताखाली करकरणारं चीज होतं. दोन तुकड्यांत इल्माचा पाय क्लिफर्डला हवा होता तितका वाकला. त्यानंतर दोघांची चढाओढच लागली. रुटाबागा दहा वेळा उठला की इल्मा अकराव्यांदा उठणार. रुटाबागाने दारापर्यंत फेरी मारली की इल्मा फाटकापर्यंत. कधी कधी कुत्रा दमून आडवा व्हायचा आणि इल्मा त्याला हिणवायची, "बस? एवढ्यात? आणि म्हणे चार पाय!"

सगळंच सोन्यासारखं झालं असं नाही. डॉक्टर ट्रेवारोंनी स्पष्ट सांगितलं की रुटाबागाला पुढे संधिवात होणार, थंडीत तो लंगडणार, आणि उडी हा शब्द त्याच्या आयुष्यातून गेला. पोहणं मात्र चांगलं. गुडघ्यांवर भार न येता पाय चालतात. म्हणून तळ्यावरच्या त्यांच्या छोट्या केबिनपाशी डेलने जूनमध्ये फळ्यांचा उतार बांधला, घसरू नये म्हणून वर खडबडीत पत्रा, आणि एका बाजूने माणसाच्या हाताच्या उंचीचा कठडा.

इल्माने कठडा हलवून पाहिला. "कुत्रा कठडा कसा धरणार?"

"नाही धरणार," डेल म्हणाला.

"मग कशाला लावलास?"

"लाकूड उरलं होतं."

इल्माने कठड्यावरून हात फिरवला. रुटाबागा आधीच पाण्यात होता. तळ्याचं पाणी जूनमध्येही हाडं गोठवणारं, पण तो नाकपुड्या फुगवून गोल गोल पोहत होता, मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एका तालात. नॅडीन काठावर उभी राहून बघत होती. कोणता पाय पहिला आणि कोणता दुसरा हे आता तिलाही पटकन सांगता आलं नसतं.

इल्माने झगा गुडघ्यांच्या वर खोचला. उजव्या गुडघ्यावरचा उभा वण उन्हात पांढरा दिसत होता, डाव्यावरचा अजून लाल. कठडा धरून ती एकेक पाऊल उतारावरून खाली गेली आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली.

"कसं आहे?" नॅडीनने विचारलं.

"छान कोमट आहे. ये."

नॅडीनने बूट काढले, मोजे काढले, आणि बेधडक उतरली. तिची किंचाळी पलीकडच्या काठावरून परत आली. इल्मा कठड्याला धरून हसत सुटली, इतकी की डेल हातातला हातोडा टाकून धावत आला, आणि रुटाबागा, काय चाललंय ते बघायला, पाण्यातून बाहेर येऊन तिघांच्या मधोमध अंग झाडायला लागला.